माझ्या बोलीवर बोली

आरसा मलाच मिळाला, नेहमीसारखा. तीन पानांचा, मधलं पान मोठं, बाजूची दोन बिजागरीवर हलणारी. बेट सोडून ऑस्ट्रेलियाला निघालेल्या, क्युर्पिपच्या कुठल्या तरी कुटुंबाकडून आलेला. मी बोट वर केलं, दालनात कुणी हूं की चूं केलं नाही, लिलाव पुकारणाऱ्या मिस्ये आरिस्तीदने डाव्या-उजव्या बाजूला नजर फिरवली आणि हातोडी आपटून "आद्जुजे" म्हणाला, म्हणजे दिला. मी रुमालाने कपाळ पुसत होतो. तेवढ्यात मागून पुष्पावतीचा आवाज आला. पुष्पावती बेटाच्या दक्षिणेकडच्या सुरिनाम गावची, भाजी पिकवते आणि विकते; फिनिक्सच्या या लांकांत ती माझ्याइतकीच जुनी. लिलावाला आम्ही इथे लांकांच म्हणतो. नव्या सुनेला, इंद्राणीला, ती दबक्या आवाजात दटावत होती. "हात खाली ठेव म्हटलं ना. या तोंतोंच्या, काकाच्या, बोलीवर चढायचं नसतं. लेस ली प्रां, घेऊ दे त्याला. दुःखाचा माणूस हाय तो." सून हट्टी असावी. ती म्हणाली, "पण माँ, त्यांची बायको जाऊन किती वर्सं झाली. आन् मला आरसा पायजे होता." त्यावर पुष्पावती म्हणाली, "कितीबी होऊ देत. त्याचं दुःख कुणी उतरवलंच नाय." मी मागे वळलो नाही. लांकांत मागे बघायचं नाही हा माझाच नियम. रुमाल मात्र हातातच राहिला, आणि खिशात कसा ठेवतात ते मला थोडा वेळ आठवेना.

माझं नाव गजेंद्र. फिनिक्समधल्या विणकामाच्या कारखान्यात मी गोदाम सांभाळतो, पण त्या कामाबद्दल मला कधी कुणी काही विचारत नाही. विचारतात ते लांकांबद्दल. कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं, कुणाला शिवणयंत्र हवंय, कुणाला जुना फ्रिज काढायचाय, की माणूस जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडे येतो आणि मी त्याला बसवून सांगतो. सकाळी लवकर जा आणि वस्तू उलटी करून बघा; पुढून सगळेच पॉलिश करतात, खालून कुणी करत नाही. हवी असेल तिला हात लावू नका, नको असेल तिच्यापाशी रेंगाळा. आकडा घरून ठरवून आणा आणि बसमध्ये मनातल्या मनात घोकत या, कारण आत शिरल्यावर डोकं आपलं राहत नाही. पहिली बोली आपली नको. समोरच्याच्या तोंडाकडे बघू नका, त्याची गरज दिसली की आपली ईर्षा वाढते. स्वतःच्या बोलीवर स्वतःच चढणारा तर शुद्ध मूर्ख. विकायचं असेल तर पगाराच्या आठवड्यात विका, फार घासूनपुसून नेऊ नका, आणि आपली वस्तू पुकारली जाईल तेव्हा दालनात उभे राहू नका. हिशेब लिहिणारा चंद्रमोहन हे सगळं तोंडपाठ करून जायचा आणि दर वेळी दुप्पट देऊन परत यायचा. मी त्याला म्हणायचो, तुझ्या चेहऱ्यावर हाव दिसते रे. तो बिचारा घरी आरशासमोर उभा राहून चेहरा सरळ करायचा म्हणे. मला या गोष्टीची मोठी मजा वाटत असे. आता, भाड्याच्या व्हॅनच्या पाठीमागे आरसा धरून बसलेलो असताना, मला चंद्रमोहनचा तो चेहरा दिसत होता आणि तो हसत नव्हता. त्याच्यावर लोक चढत होते कारण तो इतर माणसांसारखा माणूस होता. एवढी साधी गोष्ट. मी त्यावर नियमांचा डोंगर रचला होता.

वाकोआला घरी आलो आणि दिवा लावायच्या आधी उंबऱ्यातच थांबलो. घर माझं आहे, पण त्या संध्याकाळी मला त्यात पाय ठेवायची भीती वाटली. भिंतीवर घड्याळं आहेत, एकाचं दुसऱ्याशी पटत नाही, कुणी ना कुणी सारखं टोले देत असतं. इंग्रजांचा तळ वाकोआतून उठला तेव्हा घेतलेल्या वेताच्या खुर्च्या आहेत. त्यांवर बसायला माणसं नाहीत म्हणून मी त्यांवर वर्तमानपत्रं ठेवतो. चिनी मातीचं सूपाचं भांडं आहे आणि मी सूप पीत नाही. यातली प्रत्येक वस्तू आणताना मी आतून फुशारलो होतो. रस्त्याने येताना चालच वेगळी व्हायची माझी. बायको गेली, मूलबाळ नाही, पण हे एक मला येतं, यात मला कुणी हरवू शकत नाही, असं म्हणत मी कुलूप काढायचो. आणि त्या सगळ्या वेळी माझ्या मागे कुणी तरी कुणाचा तरी हात खाली दाबून धरत होतं. खुर्चीची भीक, घड्याळाची भीक. मला राग आला, आणि राग कुणावर काढावा ते कळेना, कारण जगात इतक्या चांगुलपणाने कुणी कुणाला वागवलं नसेल. आरसा मी भिंतीकडे तोंड करून ठेवला. मग तसाच कितीतरी वेळ बायकोच्या, कुंतीच्या, शिवणमशीनच्या स्टुलावर बसून राहिलो, कारण घरात लांकांतून न आलेली बसायची जागा तेवढीच होती.

मशीन कुंतीच्या आईची. लग्नात तिच्याबरोबर आली, पायाने चालवायची, काळी, अंगावर सोनेरी वेलबुट्टी, ती कुंतीच्या मनगटाच्या घासण्याने एका बाजूला पुसून गेलेली. कुंती शिवताना बोलत नसे, तोंडात टाचण्या असायच्या. मी काही विचारलं तर मानेने हो-नाही करायची, आणि मी मुद्दाम असे प्रश्न विचारायचो ज्यांचं उत्तर मानेने देता येत नाही. मग ती टाचण्या एकेक करून उशीत टोचायची, सगळ्या टोचून झाल्या की माझ्याकडे बघून म्हणायची, "काय?" आणि तोवर मी प्रश्न विसरलेलो असायचो. हे आमचं लग्न. ज्या वर्षी मोठा सायक्लोन आला, छपरं उडाली, ऊस आडवा झाला, त्यानंतर महिन्याभरात ती तापाने गेली. छप्पर आमचं शाबूत राहिलं होतं. मी तेव्हा लोकांना हेच सांगत बसायचो, आमचं छप्पर शाबूत राहिलं म्हणून. लोक ऐकून घ्यायचे.

आमच्या लोकांत एक चाल आहे. इतर ठिकाणी आहे की नाही मला माहीत नाही. इथे आलेल्या पहिल्या मराठी माणसांनी बोटीतून आणली की इथल्या उसात बसून बनवली, तेही कुणी सांगत नाही. गणपती विसर्जनाला निघण्याआधी मंदिरात मानाच्या नारळाचा लिलाव होतो. ज्याच्या घरी त्या वर्षी दुःख झालं, त्याने बोली केली तर तिच्यावर कुणी चढत नाही. नारळ त्यालाच जातो, म्हणजे देव त्याच्या घरी जातो. पण पुढच्या वर्षी तोच माणूस पुन्हा बोली करतो आणि या वेळी त्याच्यावर चढायचं असतं. परक्याने नव्हे, गेलेल्या माणसाच्या रक्ताच्या नात्यातल्याने. बायको गेली असेल तर तिच्या भावाने. भाऊ मोठ्याने आकडा म्हणतो, दुःखाचा माणूस गप्प बसतो, नारळ भावाला जातो, आणि झालं, दुःख उतरलं. त्यानंतर लोक तुमच्याशी पुन्हा भांडू लागतात, उसने मागू लागतात, तुमच्यावर चढू लागतात. हे सगळं मला लहानपणापासून माहीत होतं. पण मी गाव सोडून फिनिक्सला आलेलो, कारखान्यातला माणूस. या गोष्टी मी मंदिराच्या पायरीवर चपलांबरोबर सोडायचो. दुसऱ्या वर्षी मी बोली केली तेव्हा कुंतीचा भाऊ गोवर्धन खांबाशी उभा होता. पांढरा सदरा, हातात टोपी. पुजाऱ्याने वाट बघितली. सगळे गोवर्धनकडे बघत होते, मी सोडून. मी समोर बघत होतो. तो बोलला नाही. नारळ मला मिळाला, आणि देवा, मला आनंद झाला. मला वाटलं माझा आकडा भारी पडला. त्यानंतरच्याच शनिवारी मी पहिल्यांदा लांकांत गेलो. माणूस एखादी गोष्ट किती वर्षं न बघता राहू शकतो याचं मला आता आश्चर्य वाटत नाही. नजर समोर ठेवली की झालं.

गोवर्धन माएबूर्गला असतो, समुद्रावरच्या एका हॉटेलच्या धुलाईखान्यात. आमचं भांडण नाही. भांडण असतं तर बरं झालं असतं, मिटवता आलं असतं. बाजाराच्या सोमवारी मी रजा घेतली आणि बसने माएबूर्गला गेलो. तो दुपारचा सुटून किनाऱ्याच्या भिंतीवर बसला होता, हात पाण्याने पांढरे पडलेले. मला बघून उठला, "भावजी" म्हणाला, आणि आपली अर्धी पाव-मिरची माझ्यापुढे केली. आम्ही खाल्लं. होड्या आल्या, होड्या गेल्या. मला त्याला एकच गोष्ट सांगायची होती आणि ती सांगता येणार नव्हती, कारण दुःख उतरव असं माणूस मागत नसतो. मागून उतरलं तर ते उतरलंच नाही. म्हणून मी हॉटेलातल्या पगाराचं विचारलं. त्याने माझ्या गुडघ्याचं विचारलं. मग मी म्हणालो, "मशीन काढतोय."

"कोणती मशीन?"

"तुमच्या आईची. येत्या शनिवारी लांकांत ठेवतोय. फिनिक्सला."

तो समुद्राकडे बघत होता. "कशाला काढता? पैशे पायजेत?"

"नको. पैशे कशाला पायजेत मला."

"मग?"

"जागा अडते," मी म्हणालो. ज्याच्या घरात सूपाचं भांडं आहे त्याने हे म्हणावं.

गोवर्धनने सदऱ्याला हात पुसले. "ताई टाचण्या तोंडात धरायची," तो म्हणाला. "आई किती मारायची तिला. गिळशील म्हणायची." एवढं बोलून तो उठला, त्याची दुसरी पाळी होती. येतो म्हणाला नाही, येत नाही म्हणाला नाही. परतीच्या बसमध्ये मी सबंध वाट आकडा घोकत होतो, आणि तो कशाचा आकडा होता ते मला सांगता येणार नाही.

शनिवारपर्यंतचे दिवस मी मशीनला तेल देण्यात घालवले. फार घासूपुसू नये, हा माझाच नियम, पण मी घासलं. पुसलेल्या वेलबुट्टीवरून बोट फिरवलं. एकदा पायही चालवला, दोरा न ओवता. आवाज घरभर झाला, आणि सगळी घड्याळं एकाएकी परक्या घरातली वाटायला लागली. तेव्हा मला नीट कळलं की मी काय मांडून बसलोय. गोवर्धन आला नाही, तर मी मरेपर्यंत दुःखाचा माणूस. लोक वाट देत राहतील आणि मी घर भरत राहीन. आणि आला, मशीनवरच्या माझ्याच बोलीवर चढला, तर चालीप्रमाणे मला गप्प बसावं लागेल आणि वस्तू त्याची होईल. नारळाचं ठीक आहे, नारळ बाजारात मिळतो; ही मशीन पुन्हा मिळायची नाही. नारळासाठी मात्र पुढच्या गणपतीची वाट बघावी लागली असती, आणि मंदिरात सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर खिळल्या असत्या. तो पुन्हा खांबाशी मुका झाला असता. मशीनसाठी तो येईल असं मला वाटलं. आमिष म्हणा. मी लांकांतला माणूस, मला तेवढंच येतं.

शनिवारी दालन भरलेलं होतं. पगाराचा आठवडा. तीन पानांचा आरसाही मी परत विक्रीला ठेवला होता, इंद्राणीला मिळावा म्हणून. पण ती नेमकी त्या दिवशी आली नव्हती, तो फिनिक्सच्याच एका न्हाव्याने नेला. पुष्पावती मात्र होती, नेहमीच्या जागी, पिशवी पायाशी. गोवर्धन नव्हता. मी नियम मोडून मागे बघितलं, पुन्हा बघितलं, दाराकडे बघितलं. मशीन पुढे ढकलत आणली तेव्हा तिचं एक चाक करकरलं. इतकं तेल देऊनही. मिस्ये आरिस्तीदने पुकारा केला. मालकाने दालनात थांबू नये, आणि थांबला तर तोंड उघडू नये. मी बोट वर केलं आणि आकडा म्हणालो. त्याने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि इथल्या क्रेओल भाषेत हलकेच म्हणाला, "मिस्ये गजेंद्र, सा ऊ माशीन सा. ही तर तुझीच."

"ठाऊक आहे," मी म्हणालो.

त्याने खांदे उडवले. इतकी वर्षं आमच्या लोकांत काढलेला माणूस, त्याने काही तरी ओळखलं असावं. त्याने आकडा पुकारला. दालन गप्प झालं, तसंच, जसं ते नेहमी माझ्यासाठी गप्प होत आलं होतं. फक्त आज मी ते ऐकलं. पंखा फिरत होता. कुणी तरी खोकला दाबला. बायका हातातल्या पिशव्यांकडे बघायला लागल्या. "ऊन फ्वा," तो म्हणाला, एकवार. मी पुन्हा बोट वर केलं आणि स्वतःवर चढलो. कुणी हसलं नाही, हसले असते तर बरं वाटलं असतं. त्याने तो आकडाही पुकारला. मी पुन्हा चढलो. माझा आवाज मला ऐकू येत होता आणि तो कुणा म्हाताऱ्याचा होता. पुष्पावती म्हणाली, "आयो, तोंतों," एवढंच, अगदी हळू. "ऊन फ्वा. दे फ्वा." मिस्ये आरिस्तीदने हातोडी उचलली आणि उचललेलीच धरली. त्याचे मी उपकार मानतो.

"मी," कुणी तरी म्हणालं.

दारात गोवर्धन होता. धुलाईखान्याच्या निळ्या कपड्यांत, घामाने भिजलेला, हातात टोपी. "मी म्हणजे किती?" मिस्ये आरिस्तीदने विचारलं. गोवर्धनने आकडा सांगितला, माझ्यापेक्षा थोडा वर, आणि आवाज फाटला म्हणून पुन्हा सांगितला. आता गप्प बसायचं होतं. एवढंच काम होतं माझं, आणि ते मला येईना. माझा हात आपणहून वर निघाला. कुंतीच्या मनगटाने पुसलेली ती बाजू माझ्याकडेच होती. घरात दुसरं काय होतं तिचं? एक आकडा म्हटला असता तर मशीन परत माझ्या घरी आली असती, स्टुलाशेजारी, तिच्या जागी. मी डाव्या हाताने उजवा हात धरला आणि मांडीवर दाबला. म्हणजे एवढी वर्षं लोक माझ्यासाठी हे करत होते, एकमेकांचे हात असे धरून, सोपं नसणार. हातोडी पडली. कुंती गेली, असं मला वाटलं. इतक्या उशिरा.

मशीन बाजूला नेली तेव्हा गोवर्धन तिच्यापाशी आला, मीही गेलो. तो वेलबुट्टीकडे बघत होता, माझ्याकडे नाही. "मो पा ती कापाव, भावजी," तो म्हणाला. "मला नाय जमलं तेव्हा. मी चढलो असतो तर ताई गेलीच असती ना." मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो ओला होता. त्याला पाळीला परतायची घाई होती, मशीनसाठी व्हॅन बघायची होती. तो मशीन ढकलत दाराकडे गेला, चाक करकरत राहिलं, मग रस्त्यावरच्या आवाजात ते ऐकू येईनासं झालं.

मी जागेवर येऊन बसलो. पुढे कसलं तरी पत्र्याचं हात धुण्याचं घमेलं आलं, कडेला टवके उडालेलं, तळाला गंज. मला ते नको होतं. पण बोट सवयीने वर गेलं आणि मी काहीतरी किरकोळ आकडा म्हणालो. लगेच माझ्या डावीकडून एकाने वर आकडा म्हटला. मी दचकलो. मी वाढवलं, उजवीकडचा न्हावी चढला. मागून आणखी कुणी. मग सगळीकडून आकडे यायला लागले, मिस्ये आरिस्तीदला दम लागला, त्या गंजक्या घमेल्याचा भाव कुठल्या कुठे गेला, आणि कुणीही माझ्याकडे बघत नव्हतं. सगळे समोर बघत होते, मी त्यांना शिकवलं होतं तसे. ही पण दयाच असेल. असू दे. माझा आकडा केव्हाच मागे पडला होता. घमेलं शेवटी पुष्पावतीला गेलं.

बसच्या थांब्यावर ती घमेलं काखेत धरून उभी होती, सुरिनामच्या बसची वाट बघत. मला बघून तिने तोंड वाकडं केलं. "तुमच्यापायी महाग पडलं, तोंतों," ती म्हणाली. "काय करू मी याचं?"

"आकडा घरून ठरवून आणायचा असतो," मी म्हणालो. "किती वेळा सांगितलंय."

"जा हो," ती म्हणाली, आणि तिची बस आली.

मग माझी आली. खिडकीशी जागा मिळाली. लांकांतून मी पहिल्यांदाच काही न घेता परत चाललो होतो, आणि वाकोआ येईपर्यंत हात कुठे ठेवावेत ते मला कळेना.